स्पीच थेरपी दुकानात मिळत नाही

डिस्चार्जच्या कागदावर, शेवटून दुसऱ्या ओळीत इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं. माझ्या नवऱ्याने, सोमाने, तो कागद मोखाड्याच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर ठेवला. दुकानदाराने गोळ्या काढून दिल्या आणि कोणती किती वेळा ते पाकिटांवर लिहिलं. सोमाने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"आनी हे? हे राहिलं."

"ती स्पीच थेरपी आहे. दुकानात नाही मिळत."

"मंग कवा येईल?"

मी बाहेर जीपमध्ये बसले होते. काच खाली होती, सगळं ऐकू येत होतं. सोमा चुकतोय हे मला कळत होतं. आमच्या घरात कागद वाचणारी मीच. पाड्यावरच्या अंगणवाडीची मी सेविका, बारावीपर्यंत शिकलेली. पण त्या दिवशी मला ना कागद वाचता येत होता, ना सोमाला हाक मारता येत होती. तोंड उघडलं की 'तता, तता' एवढंच बाहेर यायचं. दुकानदाराने वाकून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

याला आता अडीच वर्षं झाली. हे लिखाण माझं आहे, अक्षर माझ्या मुलीचं, मनीषाचं. मी एकेक शब्द काढते, ती लिहिते, मग मोठ्याने वाचून दाखवते. जिथे तिने स्वतःचं वाक्य घातलंय तिथे मी बोट ठेवते आणि ती खोडते. एका पानाला आमचे तीन-चार दिवस जातात. असाच कागद कुणाच्या घरी आला असेल आणि त्यावरची ती ओळ कुणी समजावून सांगितली नसेल, तर त्यांच्यासाठी हा खटाटोप.

खिडकी किलो

पोरांची वजनं घ्यायचा दिवस होता. आमची मदतनीस यमुनाबाई वही घेऊन बसली होती आणि मी काट्यावरचा आकडा वाचून सांगत होते. एका पोरीला झोळीत बसवलं. आकडा स्वच्छ दिसत होता, नऊ.

मी म्हणाले, "खिडकी किलो."

पोरीची आई हसली. यमुनाबाई म्हणाली, "बाई, काय बोलता?" मीही हसले आणि परत सांगितलं. परत खिडकीच आली. तिसऱ्यांदा सांगायला गेले तर खिडकीसुद्धा आली नाही. उजव्या हातातला पेन खाली पडला. तो उचलायला वाकले, पण बोटं मिटेनात.

कुणाला काही झालं की "घरी थांबू नका, आधी दवाखाना गाठा" असं घरोघर सांगत फिरणारी बाई मी. आणि मी स्वतः काय केलं? पित्त झालं असेल म्हणून घरी जाऊन आडवी झाले. दोन तास. सासूने पाणी आणलं, ते ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागलं, तेव्हा ती ओरडत बाहेर पळाली. सोमा काळीपिवळी जीप चालवतो, तो जव्हारच्या फेरीला गेला होता. पाड्यात रेंज नव्हती. कुणीतरी टेकाडावर चढून फोन लावला, मग गाडी आली. जव्हारला तपासून लगेच पुढे पाठवलं. घाट चढून नाशिकला पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, लकवा आहे, मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे, ती विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ निघून गेली.

ते वाक्य मला पूर्ण समजलं. मला सगळंच समजत होतं. ते कुणाला सांगता येत नव्हतं, एवढंच. त्या दोन तासांचा राग मला अजून स्वतःवर येतो.

हो आणि नाही

वॉर्डात पहाटे दिवे लागायचे, मग झाडू, मग बीपी, मग डॉक्टरांची फेरी. नर्स विचारायची, "सुमनताई, दुखतंय का?" मला 'नाही' म्हणायचं असायचं, तोंडातून 'हो' यायचं. मान तिसरीकडेच हलायची. लघवीला जायचंय का म्हटलं की 'नाही' निघायचं आणि थोड्या वेळाने चादर बदलावी लागायची. मग मी डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचे, म्हणजे कुणी काही विचारणार नाही.

हे कुणाच्या लक्षात आलं असेल तर शेजारच्या खाटेवरच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या. त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं, दिवसभर त्यांना दुसरं काही कामच नव्हतं. एका सकाळी त्या नर्सला म्हणाल्या, "अहो, तिला तोंडाने नका विचारू. तुमचं बोट तिच्या डाव्या हातात द्या. हो असलं की दाबेल." नर्सने बोट दिलं. मी दाबलं. इतकं जोरात दाबलं की ती "आई गं" म्हणाली. चार दिवसांत मी कुणाला तरी पहिल्यांदा खरं उत्तर दिलं होतं.

सोमाने डॉक्टरांना माझ्यासमोरच विचारलं, "येड लागलं का तिला?"

"नाही. तिला समजतं. शब्द सापडत नाहीत. हातपाय सुधारतील, बोलण्याचं आत्ता सांगता येत नाही."

सोमाने मान हलवली. पण त्याचा विश्वास बसला नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्या क्षणापासून एकच भीती माझ्या छातीवर बसली. आता सगळे मला वेडी समजणार, आणि मी वेडी नाही हे सांगायला माझ्याजवळ काहीच नाही.

मॅडमची चित्रं

मनीषा तेव्हा अकरावीत होती, जव्हारला वसतिगृहात राहायची. आठ दिवसांची रजा घेऊन ती आली. औषधाच्या दुकानातली गोष्ट ऐकल्यावर तिनेच टेकाडावर जाऊन नाशिकच्या हॉस्पिटलला फोन लावला आणि विचारून घेतलं. ही गोळी नाही, इंजेक्शन नाही, मशीन नाही. समोर बसून बोलायला शिकवतात. दर मंगळवारी एक मॅडम असतात.

मी मनात ठरवलं होतं की मॅडम माझ्या घशात काहीतरी करतील. त्यांनी घशात बघितलंसुद्धा नाही. टेबलावर चित्रं मांडली. "हे काय आहे?" मी चित्राकडे बघायचे. वस्तू कळायची, तिचा उपयोग कळायचा, नाव मात्र दाराआड उभं असल्यासारखं. शेजारी मनीषा ओठ हलवून मला सुचवत होती.

एका चित्रात एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. मी घामाघूम झाले आणि म्हणाले, "आयस."

मॅडम म्हणाल्या, "आई. म्हणा, आ-ई." आणि कागदावर फुली मारली.

तीन मंगळवार असेच गेले. घाट चढायचा, चित्रं बघायची, फुल्या मोजायच्या, घाट उतरायचा. तिसऱ्या वेळी मी रडले आणि चित्रं हाताने ढकलून दिली. मॅडम म्हणाल्या, "थकल्या असतील, आज राहू दे." तेव्हा मनीषा खाली बघत बोलली, "मॅडम, ते चूक नाय. आमी घरी मराठी नाय बोलत. वारली बोलतो. आईला आमी आयसच बोलतो."

मॅडमनी पेन खाली ठेवला. "पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुमी विचारलं नाय." थोडं थांबून ती म्हणाली, "शाळेत वारली बोललं की ओरडायचे."

 मॅडम म्हणाल्या, "मीच विचारायला हवं होतं." त्यांनी जुना कागद काढला, फुल्या तपासल्या आणि मनीषाला विचारत विचारत चार खोडल्या. मला मराठी येत नाही असं नाही. अंगणवाडीत, मीटिंगमध्ये, रजिस्टरात मी मराठीच वापरत होते. पण आतून आधी वर येत होती ती आयसच्या मांडीवर शिकलेली बोली. त्या दिवशी मॅडमनी सांगितलं, घरातल्या वीस वस्तूंचे फोटो काढून आणा, त्यांना तुम्ही जे म्हणता ते लिहून आणा. सूप, नागली, कोयता, सासूची काठी, सोमाची जीप.

घरी कुठली भाषा बोलता हे समोरच्याने विचारलं नाही तरी तुम्ही पहिल्या दिवशी सांगा. आम्ही लाजेपायी तीन मंगळवार घालवले.

बाजार

मोखाड्याच्या बाजाराला सोमा मला मुद्दाम घेऊन गेला, चार माणसांत बरं वाटेल म्हणून. सुकटवालीजवळ त्याच्या ओळखीचे एकजण भेटले. त्यांनी मला विचारलं, "काय सुमनबाई, कशा आहात?" मी शब्द शोधायला लागले. दोन श्वास गेले असतील.

सोमा म्हणाला, "तिला समजत नाय आता."

तो वाईट मनाने बोलला नव्हता. त्याला त्या माणसाची आणि माझी, दोघांची सुटका करायची होती. पण मी तिथेच बसले. चिखलात, पिशवीसकट. उठवलं तरी उठले नाही. त्याला वाटलं पुन्हा झटका आला. तो घाबरून पाणी मागत सुटला, बायका जमल्या. मी त्याच्या शर्टाची बाही धरली आणि स्वतःच्या कपाळावर बोट आपटत राहिले. आहे, आत सगळं आहे. तो बघत राहिला. मग माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "समजतं?"

मी त्याचं बोट दाबलं.

 त्या दिवसानंतर कुणाहीसमोर तो माझ्यावतीने बोलला नाही. कधीकधी बोलायला हवं तेव्हाही नाही, आणि त्यावरून आमची भांडणं झाली. माझ्याकडून भांडण म्हणजे भांडी आपटणं.

त्या महिन्यांत मला खरा विसावा दिला तो सासूने. ती पूर्वीसारखीच दिवसभर बडबडायची. कोंबडी कुठे अंडं घालते, शेजारीण कशी चिवट आहे. ती उत्तराची वाटच बघायची नाही. भेटायला येणारे मात्र "बोल, बोल, माझं नाव सांग बघू" करायचे. ते आले की मी परसात निघून जायचे. भेटायला गेलात तर आजारी माणसाची परीक्षा घेऊ नका. अगदी प्रेमानेही नाही.

ये

मनीषाचे आठ दिवस चार महिन्यांवर गेले. ती माझी जीभ झाली होती. मी नुसतं वर बघितलं की ती तांब्या आणायची. मी 'पा' म्हटलं की 'पाणी' ती म्हणायची. मला बरं वाटायचं. एका मंगळवारी मॅडम तिला म्हणाल्या, "तू तिच्याआधी बोलतेस. मग ती कशाला बोलेल?" मनीषा व्हरांड्यात जाऊन रडली. मी खुर्चीत बसून ऐकत होते. मॅडमचं खरं होतं, आणि माझ्या मुलीने चार महिने माझी वेणी घातली होती हेही खरं होतं.

मग वसतिगृहातून निरोप आला. सोमवारपर्यंत हजर झाली नाही तर जागा दुसऱ्या मुलीला देतील. मनीषा म्हणाली, "मी नाय जात. बारावी बाहेरून करीन." सोमा गप्प बसला. त्याला ती घरी हवी होती. भाकरी कोण करणार, मला नाशिकला कोण नेणार? सासूही गप्प. सगळ्यांचं गप्प बसणं एकाच बाजूला झुकलेलं होतं. बाहेरून करीन म्हणून घरी राहिलेल्या मुलींचं पुढे काय होतं, ते मी पाड्यावर वीस वर्षं बघत होते.

मला एकच शब्द बोलायचा होता, 'जा'. दोन दिवस मी परसात कोंबड्यांसमोर तो घोटला. कोंबड्यांना तो जमायचा. रविवारी सकाळी मी मनीषाची बॅग ओढत ओट्यावर आणली, तिच्या पुढ्यात ठेवली, आणि म्हणाले, "ये."

सोमा म्हणाला, "बघ, जवळ बोलावते तुला. जाऊ नको बोलते."

मी बॅग तिच्या छातीवर ढकलली. "ये! ये!" डोळ्यांतून पाणी, तोंडातून उलटाच शब्द. घसा फाटेस्तोवर ये, ये. आपल्याच तोंडाने आपला घात करावा तसं वाटत होतं. आता ती राहणार. माझ्या एका शब्दामुळे राहणार.

मनीषाने बॅग धरली. माझ्याकडे नीट बघितलं आणि आपला हात पुढे केला. बोट माझ्या डाव्या मुठीत दिलं. "आयस, ये म्हंजे जा ना?"

मी दाबलं. सोडलंच नाही. ती सोमाकडे वळून म्हणाली, "बाबा, गाडी काढ. जव्हारला सोड मला."

जीप वळणाआड गेल्यावर मी ओट्यावर बसले आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "जा." तेव्हा ऐकायला कुणीच नव्हतं.

शिरपामाळ

मनीषा गेल्यावर मॅडमनी दिलेली बोलण्याच्या अभ्यासाची वही सोमाच्या गळ्यात पडली. त्याला चित्रांचा कंटाळा यायचा. पण रविवारी तो शहरातून फिरायला आलेल्यांना शिरपामाळचं माळरान, दाभोशाचा धबधबा दाखवायला न्यायचा, आणि जीपजवळ उभं राहून गावांची नावं ओरडायची त्याला सवय होती. एका संध्याकाळी त्याने बॉनेटवर थाप मारत सुरू केलं, "शिर-पा-माळ!" मी डाव्या हाताने थाप मारली. "शिपर... माळ." त्याने परत थाप मारली. चाळीसेक वेळा झालं असेल. सासू म्हणाली, दोघंही येडी झाली. एका थापेला अख्खं शिरपामाळ बाहेर पडलं आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत गेलं होतं. तीन दिवस आलं नाही.

हे आधी माहीत असतं तर मी इतकी घाबरले नसते. आज आलेला शब्द उद्या जातो. ताप असला, झोप झाली नाही, कुणी घाई केली की दहा शब्दांचे दोन होतात. मॅडम म्हणाल्या होत्या, रोज थोडं करा, दमायच्या आत थांबा. मी मात्र परीक्षा असल्यासारखी दमून जाईपर्यंत करायचे आणि मग दिवसभर मुकी. आणि किती दिवस लागतील हे विचारू नका असं मी म्हणणार नाही. विचारा. पण उत्तर मिळणार नाही, याची तयारी ठेवून विचारा. मला शेवटपर्यंत मिळालं नाही.

आता

सात महिन्यांनी मी अंगणवाडीत परत गेले. पर्यवेक्षिका बाईंना काळजी होती, आणि ती चुकीची नव्हती. गोष्टी यमुनाबाई सांगते. वजनं मी घेते. पण मला सुटा आकडा अजून येत नाही. बारा म्हणायचं असेल तर एकपासून चढत जावं लागतं आणि बाराला ब्रेक मारावा लागतो. पोरंही माझ्याबरोबर मोजतात. आमच्या पाड्यावरची तीन वर्षांची पोरं आता वीसपर्यंत अंक म्हणतात, त्याचं कारण हे आहे. मनीषा बारावी झाली, पुढे शिकते आहे. सुट्टीला आली की हे लिहिते.

भीती गेलेली नाही. रोज सकाळी डोळे उघडले की कुणाशीही बोलण्याआधी मी तोंडातल्या तोंडात सासूचं, सोमाचं, मनीषाचं नाव घेऊन बघते. एखादं अडलं की परत पहिल्यापासून सुरू करते. बोटं मिटतात का ते बघते. मग उठते.

गेल्या महिन्यात दाभोशाची एक बाई नवऱ्याला घेऊन आमच्या घरी आली. कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं होतं. त्यालाही लकवा, उजवी बाजू, वाचा गेलेली, दवाखान्यातून नुकताच घरी आलेला. मला आत जाऊन दार लावून घ्यावंसं वाटलं. त्याचा तो एका बाजूला ओघळलेला ओठ म्हणजे माझाच होता. ती बाई ओट्यावर बसल्या बसल्या विचारायला लागली, "हे बोलतील ना? तुमी बोलता, तसं बोलतील ना?"

होईल म्हणायची मला हिंमत झाली नाही. नाही म्हणायची तर त्याहून नाही. मी त्याच्यासमोर बसले आणि त्याच्या डोळ्यांत बघत वाट पाहिली. तो ओठ हलवायचा, बाई लगेच म्हणायची, "पानी पायजे? पाय दुखतो?" मी हात वर करून तिला थांबवलं. सासूने चहा आणला. त्याने डाव्या हाताने कप उचलला, घोट घेतला, चहा उकळता होता.

"च्यायला!" तो म्हणाला. खणखणीत.

बाईने शरमेने पदर तोंडावर घेतला. तो स्वतःच दचकून आपल्या ओठांना हात लावून बघत होता.

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. शब्द गोळा करायला मला वेळ लागला, आणि तिने या वेळी मध्ये तोंड घातलं नाही.

"आहे," मी म्हणाले. "आत... शब्द... आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. पदर खाली आला. माझा कप अजून भरलेला होता, त्यातून वाफ निघत होती. तिने तो उचलून नवऱ्यापुढे सरकवला.

"घ्या," ती म्हणाली, "ह्यो बी गरम हाय."